एकशे बारावी बाटली

आमच्या वहिनींना घरी आल्यावर बेल वाजवावी लागत नसे. त्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर असतानाच आई नाकाला पदर लावून म्हणायची, "आली." सडका कोबी, जळकं रबर आणि महिनाभर बंद पडलेला फ्रीज यांचं मिळून जे काही होईल, ते वहिनींच्या आधी घरात शिरायचं. कधी त्या लिफ्टने आल्या, तर आतले लोक एकमेकांच्या चपलांकडे संशयाने बघत.

वहिनी औषधांच्या प्रयोगशाळेत नवे रेणू बनवतात. रेणू बनवायचा, जंतूंच्या बशीत टाकायचा, जंतू मरतात का बघायचं. मरत नाहीत. मग रेणूचं एक टोक बदलायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या रेणूंना लागणारा कच्चा माल गंधकाचा, त्यामुळे ही शिसारी. चार वर्षं त्यांचे कामाचे कपडे गॅलरीत हद्दपार होते. दादाने एकदा अत्तर आणलं. दोन्ही वास एकत्र आल्यावर तोच जेवणावरून उठला.

मग एकशे बारावा रेणू लागू पडला. बशीतले जंतू साफ. एरवी वहिनींच्या टेबलाला वळसा घालून जाणारे विभागप्रमुख स्वतः येऊन हात मिळवून गेले. शोधनिबंधावर पहिलं नाव वहिनींचं, असं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदाच. आई शेजारणीला सांगू लागली, "तो वास औषधाचा आहे हो."

पुढे उंदरांवर चाचणी होती, आणि त्यासाठी माल अगदी शुद्ध हवा. वहिनींनी तो पुन्हा पुन्हा विरघळवून, स्फटिक पाडून, धुऊन घेतला. पांढरीशुभ्र भुकटी, वासाचं नाव नाही. सवयीप्रमाणे एक चिमूट बशीत टाकली, तर जंतू मजेत वाढले.

वहिनी काय ते समजल्या. जंतू रेणूने मरतच नव्हते. नीट न धुतलेल्या पहिल्या मालात तो घाणेरडा कच्चा माल उरला होता, तो त्यांना मारत होता. खात्रीसाठी त्यांनी नुसता कच्चा माल बशीत टाकला. जंतू साफ. माणसाच्या पेशींवर टाकला. त्याही साफ.

प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुनी बाटली आहे ना शिल्लक?"

"आहे की."

"मग उंदरांना तीच द्या. निबंध तर छापायला जाऊ दे. पुढचं पुढे बघू. अहो, पहिलं नाव तुमचंच आहे."

"चार वर्षं तो वास हुंगला, भाऊजी," वहिनी मला म्हणाल्या, "कधी मळमळलं नाही. त्यांच्या केबिनमधून निघाले ती थेट बेसिनवर."

तोंड धुऊन त्यांनी सगळे निकाल वहीत लिहिले आणि उंदीरवाल्यांना पाठवले. जुन्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: 'मारते, पण सगळ्यांनाच.' निबंध बारगळला. पहिलं नाव गेलं आणि एका सकाळी प्रमुखांनी वहिनींना पुन्हा केबिनमध्ये बोलावून भांडारातल्या काचसामानाच्या यादीवर बसवलं.

त्या संध्याकाळी आमची बेल वाजली. आईने दार उघडलं, दोनदा वास घेऊन पाहिला आणि घाबरून विचारलं, "अगं, बरं नाही का तुला?"

वहिनींनी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "असू दे. निदान कपडे तरी आता आत ठेव."

"उद्यापासून ठेवते, आई," वहिनी गॅलरीकडे जात म्हणाल्या. "आज त्या केबिनमध्ये बसून आलेय."