अर्ध्या बोटाचं भूत

मी भुतं मानत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला गंडा-दोरा सुचवायला नको. आमच्या घरात देव्हारा नव्हता, टीव्ही नव्हता आणि भूत तर नव्हतंच. पर्चे होते. पत्रक हा शब्द मी पुस्तकात वाचला. इथं मध्य प्रदेशात, बालाघाटात सगळे पर्चाच म्हणतात. पुढच्या खोलीत बाबांचं पायानं चालवायचं ट्रेडल मशीन होतं. त्याच्यावर लग्नपत्रिका छापून घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर बाबा पर्चे छापायचे. हुंड्याविरुद्ध, खाणीतल्या धुळीविरुद्ध, अंगात आणणाऱ्यांविरुद्ध. माझी शाळेची पोळी बिघडलेल्या पर्च्यात बांधलेली असायची. तेलाच्या डागातून उलटं 'जागो' दिसायचं. ही पोरगी बोलायला आणि भांडायला एकाच महिन्यात शिकली, असं आई अजून सांगते.

तरी वीस वर्षं झाली, एक हात माझ्या मागे आहे.

तो दिवसाढवळ्या येतो. रेल्वेच्या तिकीट खिडकीतून नुसता हात बाहेर येतो ना, मागे चेहरा नाही, तसा. मी पैसे त्या हातात देत नाही. खाली फळीवर ठेवते. बसमध्ये गर्दीतून कंडक्टरचा हात पुढे आला की माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जातात. मैत्रिणींना वाटतं, मला स्वच्छतेचं वेड आहे. मीही तेच सांगते.

तो हात बाबांचा आहे. उजवा. त्याची तर्जनी पहिल्या पेरावर संपते. माझ्या जन्माआधी मशीनच्या जबड्यात कागद सरळ करायला गेले आणि वरची दोन पेरं गेली. शंभरेक पर्चे बाकी होते, ते डाव्या हातानं छापून मगच दवाखान्यात गेले, अशी गोष्ट आमच्या घरात रामायणासारखी सांगतात. त्याच हाताला धरून मी पहिलीत जायचे. मग एका रविवारनंतर बाबांनी माझा हात धरणं सोडलं. का सोडलं, याचं उत्तर मी स्वतःला फार लवकर देऊन टाकलं होतं. मूल आपल्या पायांवर चाललं पाहिजे, असं त्यांचं मत. मी मोठी झाले, त्यांनी सोडलं. मला ते उत्तर आवडायचं. ते पर्च्यात शोभलं असतं.

त्या रविवारचं आता सांगते.

आमच्या शाळेच्या मागच्या संडासात चुडैल आहे, अशी त्या वर्षी आवई उठली होती. तिची मान मोडलेली आहे आणि ती एकटी पोरगी पाहून हात धरते. मुली दिवसभर तिकडे जाईनात. पाणी पीत नव्हत्या, म्हणजे जावं लागू नये. आई त्याच शाळेत शिकवायची. तिच्या वर्गातली एक मुलगी चक्कर येऊन पडली, तेव्हा आई घरी येऊन म्हणाली, आता पर्च्यानं भागणार नाही, या पोरींना वाचता कुठं येतं.

गावातला केबलवाला आपल्या लोकल चॅनलवर दिवसभर जागरणं आणि जाहिराती दाखवायचा. रविवारी सकाळी अर्धा तास त्यानं आई-बाबांना दिला होता, मुलांना शिकवण्यासाठी. चित्रीकरण आदल्या दिवशी व्हायचं, गल्लीतली मुलं समोर बसवून. त्यांनी हातात घालायच्या बाहुल्या केल्या. बिघडलेल्या पर्च्यांच्या लगद्याची डोकी, आईच्या जुन्या ब्लाऊजांचे अंगरखे. मुख्य बाहुली म्हणजे एक म्हैस. तिचा आवाज आईचा. कार्यक्रम सगळा हिंदीत, फक्त ही म्हैस मधेच मान वर करून आमच्या बोलीत 'काहून?', म्हणजे 'का?', म्हणायची. गल्लीतल्या हिंदी पोरांनीही तो शब्द उचलला होता. पहिल्या भागात हात का धुवायचे, दुसऱ्यात सूर्य कुठं जातो. तिसरा भाग चुडैलीचा ठरला.

चुडैलीची बाहुली बाबांच्या उजव्या हातात होती आणि त्यामागे विचार होता. अशा बाहुलीची मान तर्जनीवर उभी राहते. बाबांची तर्जनीच नाही. म्हणून त्या हातातल्या कुठल्याही बाहुलीची मान लटकायची. आधीच्या दोन भागांत ते पुठ्ठ्याची नळी घालून भागवत होते. या वेळी नळी काढली. मान मोडलेली चुडैल आयती तयार. शेवटी बाहुली ओढून काढायची, आतला हात दाखवायचा आणि सांगायचं, पाहा, मान का लटकते, कारण हे बोट अर्धं आहे. आता या आणि हात लावून पाहा. स्वतःच्या शरीराचा पर्चा करायचा, असा तो बेत. मला आजही तो बेत मोठा वाटतो. माझ्या ओळखीत तेवढं धैर्य असलेला माणूस दुसरा नाही.

आमच्याकडे टीव्ही नसल्यामुळे आम्ही आमचाच कार्यक्रम शेजारच्या काकूकडे पाहायचो. त्या रविवारचं मला इतकं आठवतं: खोली भरलेली. पडद्यावर फक्त हात. बाहुली निघते, पांढरं कापड खाली पडतं आणि तो उघडा, घामानं ओला हात वर येतो, त्याचं अर्धं बोट हलतं. चेहरा नाही. मग हात मोठा मोठा होत जातो. खोलीतले सगळे टीव्ही सोडून माझ्याकडे पाहतात. कोणी हसत नाही. काकू माझ्या मांडीवर चिवड्याची वाटी ठेवते. परत येताना बाबा हात पुढे करत नाहीत. कधीच करत नाहीत.

यातून मी एक किस्सा बनवला. आम्ही काही जण बैहरकडच्या गावांत अंधश्रद्धेविरुद्ध शिबिरं घेतो. जीपमध्ये दहा जण आणि एक माइक. तिथं मी तो किस्सा हमखास सांगते: माझ्या वडिलांनी भूत घालवायला हात दाखवला आणि गल्लीतली पोरं आठ दिवस हातालाच भेत होती. लोक हसतात. मग मी म्हणते, भीती वस्तूत नसते, पाहणाऱ्यात असते. टाळ्या पडतात. मला हे वाक्य येतं, याचा मला अभिमान होता.

या हिवाळ्यात केबलवाल्यानं दुकान बंद केलं. आता कोणाला लोकल चॅनल हवंय. आवरताना त्याला आमची एक कॅसेट सापडली. तो स्वतः घरी येऊन देऊन गेला. बाबांना म्हणाला, "भैया, यही एक बची है। बाकी पर तो शादियाँ चढ़ा दीं।" कॅसेटवर बाबांच्या अक्षरात '३' लिहिलं होतं.

इथं तसलं मशीन कोणाकडे राहिलेलं नाही. मी गोंदियाला एका फोटो स्टुडिओत ती पेनड्राइव्हवर घ्यायला गेले. काम नीट झालंय की नाही हे दाखवायला त्या माणसानं ती मोठ्या पडद्यावर लावली. बाजूला एक बाई पासपोर्टच्या फोटोसाठी बसली होती. तिच्यासमोर मी ते पाहिलं.

म्हैस. काहून. लटकती मान. मुलांच्या हसण्याचा आवाज, तो मला आठवतच नव्हता. मग बाहुली निघाली. बाबा टेबलामागून उभे राहिले असणार, बोलत होते, त्यांचा आवाज शांत आणि प्रेमळ होता. पण कॅमेरावाला लग्नांचा. नवरीचा मेंदीचा हात दिसला की जवळ जायचं, इतकंच त्याला माहीत. तो हातावरच गेला. चेहरा कापला गेला. उरला फक्त हात. मेंदी दाखवतात तसा सावकाश, बोटाबोटानं.

मग हात पुढे सरकला, कॅमेरा त्याच्यामागे गेला आणि चौकटीत एक मुलगी आली. दोन लाल रिबिनी, माझा पिवळा फ्रॉक.

मी तिथं होते. सतरंजीवर, सगळ्यांच्या पुढे. बाबांचा आवाज म्हणाला, "ये बाळा, धर." म्हशीचं 'काहून' सोडलं, तर त्या अख्ख्या हिंदी कार्यक्रमात तेवढे तीन शब्द मराठीत होते. मुलीनं हाताकडे पाहिलं. दोन्ही हात पाठीमागे नेले. ओरडली नाही, रडली नाही. बसल्या बसल्या मागे सरकत गेली, चौकटीतून अर्धी बाहेर जाईपर्यंत. हात तसाच, हवेत. किती वेळ ते सांगता येत नाही. त्या कॅमेरावाल्यालाही कळलं असावं, कारण चौकट हलायला लागली. मग बाजूची एक मुलगी उठली. तिनं सरळ ते अर्धं बोट मुठीत धरलं आणि खदाखदा हसली. मग दुसरी. मग सगळी. 'मुझे भी, मुझे भी.' हातावर हात. फक्त कोपऱ्यात पिवळ्या फ्रॉकची एक बाही दिसत राहिली.

स्टुडिओवाला म्हणाला, क्वालिटी ठीक आली आहे.

परतीच्या बसमध्ये राजेगावपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. गल्लीतली पोरं भ्याली नव्हती. एकही नाही. सोमवारपासून मुली संडासात जायला लागल्या होत्या, हे आई कितीदा सांगायची आणि मला ते माझ्या किश्श्यात बसत नव्हतं म्हणून मी कधी ऐकलंच नाही. काकूच्या खोलीत सगळे माझ्याकडे का पाहत होते, तेही कळलं. बाबांनी हात सोडला नव्हता. मी धरला नव्हता, सगळ्या बालाघाटासमोर. आणि माझी भीती मी वीस गावांत दुसऱ्यांच्या मुलांच्या नावावर सांगत फिरले होते. पर्च्यांच्या घरात वाढलेल्या पोरीनं यापेक्षा मोठं खोटं काय बोलावं?

घरी पोहोचले तेव्हा बाबा दारात ऊन घेत बसले होते. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. तो कायम खिशात असतो. आमच्याकडे येणाऱ्यांना वाटतं, जखमेची लाज. मलाही तेच वाटायचं.

"निघालं का काही?" त्यांनी विचारलं.

मी लॅपटॉप बाजेवर ठेवला. आई तांदूळ निवडता निवडता ताट घेऊनच आली. आपली म्हैस पाहून ती हसली, आवाज किती बारीक होता म्हणाली. शेवट आला तेव्हा तिनं ताट खाली ठेवलं. बाबा शेवटपर्यंत पाहत राहिले, डोळे न हलवता.

"म्या सांगतलं होतं तुमाले," आई म्हणाली, "पोरीले आधी सांगून ठेवा म्हणून. घरी दोन येळा करून दाखवा."

"मंग ते खोटं झालं असतं," बाबा म्हणाले. "आपल्याच पोरीले शिकवून उभं करायचं आन लोकाईले म्हणायचं, पाहा, पोरगी भेत नाही. तो तमाशा झाला असता."

"आन मंग कापून काहाडायचं होतं. केबलवाला तं म्हणत होता."

"जे झालं ते झालं. कापलं असतं तं तेही खोटंच."

आई उठली. ताट उचलून आत गेली. मी बाबांकडे पाहत होते. इतकं सरळ, इतकं बरोबर आणि सहा वर्षांच्या पोरीच्या अंगावर सोडलेलं. मला राग आला. मग आठवलं, त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. हीच वाक्यं बोलले असते.

"त्याच्यानंतर तुम्ही कधी हात नाही धरला माझा," मी म्हटलं.

"तू भेत होती." ते पडद्याकडे पाहूनच बोलत होते. "म्हटलं, लपवून ठेवला तं इसरून जाशीन."

म्हणजे तो खिसा. वीस वर्षांचा.

मी हात पुढे केला. माझा. त्यांनी पडद्यावरची नजर वळवली आणि हात खिशातून काढला. मी तो धरला. कोरडा, उबदार, शाईनं कायमच्या काळ्या झालेल्या नखांचा म्हाताऱ्या माणसाचा हात. ते बुंध्यासारखं बोट माझ्या तळव्याला लागलं आणि भीती आली, अगदी तीच, तसूभरही कमी नाही. माझा हात मागे जाऊ पाहत होता. त्यांना ते कळलं. हातातलं कळतंच.

"अजून भेव लागते?"

किस्सा सांगायची ती वेळ होती. एक चांगलं वाक्यही मला येत होतं.

"हौ," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. हात मात्र काढून घेतला नाही. मीही नाही. ऊन दारातून सरकेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो आणि भीतीही बसली होती, दोघांच्या मधे.