किसनभाऊंनी हुंगलेले पान

पांढुर्णा, शनिवार, १४ डिसेंबर १९८५

मंडळी, आपल्या या फिरत्या वहीत मी दोन महिने काहीच लिहिले नाही. माफ करा.

आज चहाच्या हॉटेलातल्या शनिवारच्या प्रश्नमंजुषेचा विषय होता झाडे. शेवटच्या प्रश्नाला मी, माझ्या अंगणातले असे सांगून, संत्र्याच्या कलमाचे पान दाखवले. वकिलांच्या गटाने लगेच 'संत्रा' म्हटले आणि मी मान डोलावली.

सौंसरच्या बागांत जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवून कलमे बांधणाऱ्या किसनभाऊंनी मात्र पान चुरगाळून हुंगले. "गुर्जी, हे जंबेरीचं पान आहे जी. तुमच्या संत्र्याचा डोळा मरून गेला. खालचा जंबेरीचा खुंट फुटून राहिला."

"किसनभाऊ, झाड गुर्जीचं हाये का तुमचं?" वकील म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, आणि फळ्यावर वकिलांचा गट विजयी लिहिला.

घरी येऊन झाडाशी वाकलो. संत्र्याचा डोळा काळा पडून वाळला होता. सगळी पालवी त्याच्या खालून, जंबेरीच्या खुंटातून आली होती.

दोन वर्षे मी त्याला रोज पाणी घालतो. किसनभाऊंनी माझे अंगण कधी पाहिलेले नाही, तरी एका पानाच्या वासात त्यांना सारे दिसले. मी अजून थक्क आहे. आणि उत्तरे ठरवणारा मी! याआधी किती बरोबर उत्तरे चूक ठरवली असतील?

उद्याचे काम: हॉटेलात सगळ्यांसमोर फळ्यावर किसनभाऊंचे नाव लिहिणे.