आत्तीचा धावदोरा

आत्ती फोन कधीच उभ्यानं घेत नसे. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून भिंतीला टेकून खाली बसायची, पदरानं तोंड पुसायची आणि मग बटण दाबायची. तोवर बऱ्याचदा फोन बंद झालेला असायचा आणि तिचा जीव आणखीच घाबरा व्हायचा. कुणाचा होता, कशाला केला असेल, आणि मध्येच का ठेवला? पलीकडे बहुतेक वेळा ब्लाउज झाला का, असं विचारणारी एखादी गिऱ्हाईक बाई निघायची. तिच्याशी बोलून झालं तरी आत्ती थोडा वेळ तशीच बसून राही.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं गाव चंदगडकडचं. बारावीनंतर कॉलेजसाठी मी कोल्हापूरला तिच्याकडे राहायला आले, आणि पुढे नोकरी लागल्यावरही काही वर्षं तिथंच राहिले. मंगळवार पेठेतल्या एका बोळात तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत आम्ही तिघी : आत्ती, तिची मुलगी प्राजू आणि मी. आत्तीचे यजमान, म्हणजे आमचे मामा, प्राजू शाळेत असतानाच गेले होते.

मामांची हकिकत आत्तीनं मला एकदाच सांगितली, तीही काजं करता करता, मान वर न करता. मामा ट्रक चालवायचे. फोंडा घाटात ट्रक दरीत गेला. त्या ट्रकवर दोन ड्रायव्हर आलटून पालटून असत, त्यामुळे त्या दिवशी गाडीवर कोण होतं ते मालकालाही नक्की सांगता येईना. मालकाकडून नंबर घेऊन पोलिसांनी घरी फोन केला. आत्ती गॅसपाशी उभी होती. पलीकडून आवाज आला, ‘‘बाई, हातावर शालन असं नाव गोंदलेलं हाय. ही शालन कोण, माहीत हाय का तुम्हाला?’’

‘‘म्हटलं, शालन मीच,’’ आत्ती म्हणाली, आणि तिनं दातानं दोरा तोडला. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत मामांनी हौसेनं ते नाव गोंदून घेतलं होतं.

तेव्हापासून असावं, पण आत्ती सतत काहीतरी वाईट घडायची वाट बघत असायची. तिला तसं म्हटलेलं मात्र आवडत नसे. ‘‘मी काळजी करत न्हाई,’’ ती म्हणायची, ‘‘तयारीत ऱ्हातो.’’ कोल्हापूरच्या बायकांसारखं ती ‘मी जातो, मी करतो’ म्हणायची. चंदगडची बोली तिनं सासरी आल्यावर सोडली होती. तिची ही तयारी म्हणजे प्राजूला यायला जरा उशीर झाला की कोथिंबिरीची पिशवी घेऊन बोळाच्या तोंडाशी उभं राहणं. कोथिंबीर घरात असायचीच. दुधवाल्याला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला ती विचारायची, ‘‘आमची प्राजू दिसली व्हय?’’ आणि प्राजू समोरून येताना दिसली, की काहीच न विचारता तिच्या पुढं पुढं घराकडे चालू लागायची. पोरीची खबर ती पोरीला सोडून साऱ्या गल्लीला विचारायची.

प्राजू तिच्या उलट. धीट, कमी बोलणारी आणि पायानं वाऱ्यासारखी. पदवी हातात पडल्यावर तिनं एका भरती अकॅडमीत नाव घातलं. पहाटे उठून ती मैदानावर पळायला जाई. तिला निमलष्करी दलात जायचं होतं. आत्तीनं हे ऐकलं त्या दिवशी भाकरी करपली. पण ती नको म्हणाली नाही. प्राजूच्या ट्रॅक पँटची शिलाई उसवली की ती दुहेरी टीप मारून द्यायची, आणि टीप मारताना तिचे ओठ हलत असायचे.

त्या वर्षी आत्तीच्या वाढदिवसाला प्राजूनं टॅटूचं काढलं. मायलेकींनी हातावर सारखंच काहीतरी काढून घ्यायचं. मोबाइलवर तिनं चित्रं दाखवली. अर्धा अर्धा बदाम, दोन चिमण्या, ‘आई’ आणि ‘लेक’ अशी अक्षरं. त्या अक्षरांवर आत्तीचं बोट थांबलं.

‘‘नाव नगं,’’ ती म्हणाली. ‘‘हातावर नाव तेवढं नगं.’’

आम्हा दोघींनाही कळलं. प्राजूनं मोबाइल बाजूला ठेवला, बॉलपेन घेतलं आणि स्वतःच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, लहान लहान तुटक रेघा ओढल्या. मग आत्तीचा हात शेजारी धरून तिच्या हातावरही तशाच ओढल्या. दोन्ही हात जवळ आले की रेघ एका हातावरून दुसऱ्या हातावर जात होती.

‘‘धावदोरा,’’ आत्तीनं लगेच ओळखलं.

‘‘पहिला टाका हाच शिकवलास की मला.’’

‘‘अगं, पण धावदोरा कच्चा असतोय. पक्की शिलाई झाली की काढून टाकायचा असतोय त्यो. अंगावर काढायचंच तर पक्की टीप तरी काढ.’’

‘‘पक्की टीप होईपर्यंत कापड त्योच धरून ठेवतोय न्हवं?’’ प्राजू म्हणाली. आत्तीनं दोन्ही हात पुन्हा जवळ धरून बघितले.

राजारामपुरीतल्या टॅटूच्या दुकानात आत्तीनं त्या टॅटूवालीला सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावलं. सुई उजेडात धरून बघितली. स्वतःच्या हातावर काम चाललं असताना ती इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होती. पण प्राजूच्या हाताला सुई लागली आणि आत्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं. प्राजू हसत होती. डावाच हात, आतलीच बाजू आणि लहानच टाके, असं तिनं त्या बाईला दोन-तीनदा बजावलं. घरी येताना आत्तीनं उन्हाचं कारण सांगून प्राजूचा तो हात रस्ताभर आपल्या पदराखाली धरला होता.

पुढचे काही आठवडे आत्ती खुशीत होती. गिऱ्हाइकांनी विचारलं की ती ‘‘पोरीचं खूळ हो,’’ म्हणायची, पण बाही स्वतःच वर सरकवून दाखवायची. तिला असं काही दाखवताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आणि मग एका दुपारी फॉल लावायला आलेल्या एका बाईनं सहज सांगितलं की त्यांच्या भावाच्या मुलाला भरतीतून काढलं. पळण्यात पास, लेखीत पास आणि मेडिकलला हातावरच्या टॅटूवरून नापास. मशीन थांबलं. प्राजू तोवर पळण्यात आणि लेखी परीक्षेत पास झाली होती. फक्त मेडिकल राहिली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरातली हवाच बदलली. आत्ती चौकशी करत सुटली. बोळातल्या निवृत्त जवानाला तिनं विचारलं, तो म्हणाला, देवाचं नाव असेल तर चालतं. झेरॉक्सवाला म्हणाला, सलाम करायच्या हातावर चालत नाही. आणखी कोणी सांगितलं की भिंग लावून अंग तपासतात, एवढासा ठिपका दिसला तरी घरी पाठवतात. प्रत्येकाचं ऐकून ती जास्तच खचायची. एका ब्लाउजची बाही तिनं उलटी जोडली. तिच्या हातून असं मी कधी पाहिलं नव्हतं. जेवायला बसली की दोन घास खाऊन ताट बाजूला सारायची आणि प्राजूचा हात बघत राहायची.

‘‘आत्ती, प्राजूलाच विचार की,’’ मी म्हटलं.

‘‘तिचं ध्यान भरतीवर हाय. तिला कशाला भ्या घालायचं? आणि शुभे, तूबी बोलायचं न्हाई.’’

एके दिवशी प्राजू मैदानावर गेल्यावर आत्ती मला घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. टॅटू काढता येतो का, असं तिनं विचारलं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं : लेझरनं फिकट होतो, पण एका खेपेत नाही, बरेच महिने लागतात, आणि तरी खूण राहू शकते. आत्तीनं हात पुढं केला.

‘‘आधी माझं सुरू करा,’’ ती म्हणाली. ‘‘किती दुखतंय ते कळू दे. मग पोरीचं ठरवतो.’’

लेझर सुरू झालं. कढईतलं तेल उडावं तसा प्रत्येक टाक्यावर चटका बसत होता, असं ती नंतर म्हणाली. आत्तीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझ्याच बांगड्या मला रुतल्या. तिनं आवाज मात्र केला नाही. बाहेर आल्यावर ती रिक्षात बसली आणि बराच वेळ रंकाळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘पोरीच्या हाताला हे करायचं न्हाई. तपासायला जाताना हातावर फोड घिऊन जाईल व्हय? जे व्हायचं ते हू दे.’’

हात झाकायला तिनं रातोरात नव्हे, पण दोन दिवसांत दोन लांब बाह्यांचे ब्लाउज शिवले. एप्रिलच्या उकाड्यात ते कुणाच्याही डोळ्यावर आलं असतं. प्राजूनं एका सकाळी चहा घेताना तिचा हात धरला आणि बाही वर केली.

‘‘हे काय?’’

‘‘भाजलं.’’

‘‘फक्त टाक्यांवरच भाजलं?’’

आत्तीनं माझ्याकडे बघितलं. मी कपबशा उचलायला लागले. मग तिला सगळं सांगावं लागलं, त्या फॉलवाल्या बाईपासून डॉक्टरांपर्यंत. प्राजू ऐकत होती. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता ही भांडणार.

‘‘आई, मी अकॅडमीतल्या सरांना विचारूनच काढलं हुतं,’’ ती म्हणाली. ‘‘डावा हात, आतली बाजू, लहान असंल तर बहुतेक चालतंय म्हणाले. उगंच हट्ट केलता का मी तिथं?’’

‘‘मग मला सांगायचं न्हाई व्हय?’’

‘‘तू मला विचारलंस कधी? साऱ्या पेठेला विचारलंस.’’

प्राजूनं तिच्या हातावर हलकेच फुंकर घातली. त्या गुलाबी, सोललेल्या कातडीत निळे टाके अर्धेमुर्धे दिसत होते. मग प्राजू हळू आवाजात म्हणाली, ‘‘आणि बहुतेक म्हणजे बहुतेकच हाय बघ. तिथला डॉक्टर काय म्हणंल ते खरं. मलाबी काय झोप लागंना झालीय.’’

मेडिकलला आम्ही तिघी मिळून गेलो. परगावी होती. फाटकाच्या आत फक्त मुलींना सोडत होते, म्हणून आत्ती आणि मी बाहेर कडुनिंबाखाली बसलो. आतून मुली एकेक करून बाहेर येत होत्या. काही आयांच्या गळ्यात पडून रडत होत्या, काही तिथूनच फोन लावत होत्या. आत्तीनं त्या दिवशी कुणालाच काही विचारलं नाही. डबा उघडला नाही. ऊन सरकलं की मी तिला सावलीत सरकायला सांगायचे, आणि ती सरकायची, एवढंच. प्राजूबरोबर आत गेलेल्या मुली येऊन गेल्या, त्यांच्या मागच्याही येऊन गेल्या. प्राजूचा पत्ता नव्हता.

आत काय झालं ते नंतर कळलं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना ते टाके ऑपरेशनचेच वाटले. हाताला काय झालं होतं, टाके कशाचे पडले, असं त्या विचारू लागल्या. प्राजू म्हणाली, हे शिलाईचे टाके, माझी आई शिवते. बाईंनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात दाबून बघितला, मूठ वळायला लावली, वजन उचलायला लावलं, टाके मोजपट्टीनं मोजले आणि तिला एका बाकावर बसवून ठेवलं. बाकीच्या सगळ्या मुली तपासून झाल्यावर तिला पुन्हा बोलावलं आणि कागदावर सही केली.

ती फाटकातून आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. प्राजू जवळ येऊन तिच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, ‘‘झालं, आई. घेतलं मला.’’ आत्तीनं मान हलवली, बाजूला वळली आणि तिला ओकारी आली. पोटात काही नव्हतंच. आम्ही तिला पाणी पाजलं. तोंड पुसून तिनं पहिला प्रश्न मला विचारला, ‘‘हिनं सकाळधरनं काय खाल्लंय काय?’’

प्राजू ट्रेनिंगला गेली. कोल्हापूर स्टेशनवर तिला पोचवताना आत्ती रडली नाही. ती फक्त पिशवीच्या बंदाला पुन्हा पुन्हा हात लावून बघत होती, उसवणार तर नाही ना म्हणून. गाडी सुटल्यावर आम्ही चालतच घरी आलो. कातडीच्या डॉक्टरांकडून पुढच्या खेपेबद्दल विचारणा झाली तेव्हा आत्तीनं ‘‘आता नगं,’’ असं सांगून टाकलं. तिच्या हातावरचे टाके त्यामुळे तसेच अर्धवट राहिले.

ट्रेनिंगनंतर प्राजूची नेमणूक ईशान्येकडच्या डोंगराळ भागात झाली. आत्ती रोज बातम्या लावायची आणि त्या भागाचं नाव आलं की आवाज बंद करायची. पहिल्या सुट्टीला प्राजू घरी आली ती काळवंडून, केस बारीक कापून. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मशीनपाशी भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली होती. माझं लग्न ठरलं होतं, मी पुण्याला जायच्या तयारीत बॅग आवरत होते. मशीन चालता चालता थांबलं.

‘‘प्राजू,’’ आत्ती म्हणाली, ‘‘तिथं तुला भ्या वाटतंय का गं?’’

माझे हात थबकले. प्राजूनं माझ्याकडे पाहिलं. तिला नाही म्हणता आलं असतं, आणि मला वाटतं, ते तिच्या ओठांवरही आलं होतं.

‘‘वाटतंय की,’’ ती म्हणाली. ‘‘रोज वाटतंय.’’

आत्तीचे खांदे खाली आले.

‘‘बरं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘भ्याणारं माणूस बघून पाय टाकतंय. न्हाई म्हटली असतीस तर माझा जीव ऱ्हायला नसता.’’

मग ती मशीनवरून उठली आणि प्राजूच्या शेजारी येऊन बसली. सुपातल्या मूठभर शेंगा तिनं आपल्या पुढ्यात ओढल्या. तिथं झोपायला काय असतं, थंडी किती पडते, आजारी पडलं तर बघतं कोण, रस्त्यानं पुढं कोण चालतं आणि मागं कोण, ती एकेक विचारत गेली आणि प्राजू सांगत राहिली. काही उत्तरं ऐकून तिचे हात थांबत. ती पुन्हा सोलायला लागे आणि पुढचं विचारी. दिवे लागले तरी मशीनवरचा ब्लाउज तसाच पडला होता.