सरळ केसांची अकरा पिल्लं

आमचे शेजारी नाटकांसाठी केसांचे टोप आणि दाढ्यामिशा करत. सगळे त्यांना टोपवाले म्हणायचे. केसांची नवी जुडी आली की त्यातला एक केस ते उपटून काढत, ओठांत धरून ओला करत, लाकडी काडीला गुंडाळत आणि खिडकीशी नेऊन बघत. त्यानं वळण धरलं तर ठीक, नाही तर अख्खी जुडी केराच्या टोपलीत.

"सरळ केस काय, कुणालाही उगवतात," असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणत, गिऱ्हाइकाचे स्वतःचे केस काठीसारखे सरळ असले तरी. दुकानात गर्दी का नसे, याची कारणं ते तयार टोपांच्या कारखान्यांत शोधत. कमरेपर्यंत सरळ केसांची त्यांची बायको समोर बसून जाळी विणायची आणि ही वाक्यं तीस वर्षं ऐकत आली होती. आम्ही तिला वहिनी म्हणायचो.

एका सकाळी टोपवाल्यांनी दाढ्यांच्या खोक्यात हात घातला. म्हाताऱ्या राजाची दाढी हवी होती. हाताला बरोबर तसलंच काहीतरी लागलं, त्यांनी ते उचललं आणि ते ओरडलं. गल्लीतल्या कुठल्याशा मांजरीनं तिथं पिल्लू आणून ठेवलं होतं. राखाडी रंगाचं आणि नखशिखांत कुरळं. मिशासुद्धा वळलेल्या. टोपवाल्यांनी सवयीनं त्याचा एक केस उपटला, ओला करून खिडकीशी धरला आणि खाली बसले.

"अगं, हे जन्मजात आहे!"

"मग काय, कुणी काड्या लावून केलंय?" वहिनी म्हणाल्या. "काय ते झिपरं ध्यान!"

टोपवाल्यांनी त्या बोक्याला 'राजे' म्हणायला सुरुवात केली. वहिनी त्याला 'झिपऱ्या' म्हणत आणि तो वहिनींच्याच हाकेला येई.

पुढं कुणीतरी टोपवाल्यांना सांगितलं की मांजरांचं एक मंडळ असतं आणि नवी जात सिद्ध केली तर ते तिची नोंद करतं. झालं! माणूस पार बदलला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर बसणारी वस्तू केली, तीही खेळ संपला की उतरवून ठेवायची. आता स्वतःच्या आडनावाची जात जगात राहणार होती. आडनावाची पाटीही त्यांनी रंगवून आणली. मांजर एक, पाटी चार फुटांची!

बोक्यासाठी त्यांनी एकामागून एक तीन मांजरी आणल्या. तिघींना मिळून अकरा पिल्लं झाली. आठव्या दिवशी टोपवाले प्रत्येकाचा केस उपटून खिडकीशी नेत आणि तोंड वाकडं करत. अकराच्या अकरा सरळ.

"नापास," ते म्हणायचे. मी शाळेत शिकवताना वर्गात हा शब्द अनेकदा वापरला, पण इतक्या तुच्छतेनं कधीच नाही.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सरळ केसांचं हे रक्त पुढं पसरू नये म्हणून त्यांनी पिल्लं थोडी मोठी झाल्यावर एकेकाचं ऑपरेशन करवून घेतलं आणि मगच ती वाटली. लाँड्रीवालीला दोन, बेकरीत तीन, आमच्याकडं एक. देताना वर "यात काही नाही हो, नुसतं मांजर आहे," असंही ऐकवलं.

अशी वर्षं गेली. राजे नऊ वर्षांचे झाले, पुढचे दोन दात पडले. आता घाई करायला हवी म्हणून टोपवाल्यांनी मंडळाला पत्र लिहिलं आणि एका दुपारी, आम्ही शेजारीही जमलो असताना, मंडळाच्या परीक्षक बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, हातात पातळ फाईल. भिंतीवरचे टोप बघून त्यांनी बोक्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "एक भांडं कोमट पाणी आणा."

"का?"

"तुमचा धंदा बघता, विचारायलाच नको."

टोपवाल्यांचा चेहरा लाल झाला. बाईंनी बोक्याला पाठीवर भिजवलं, विंचरलं आणि थांबल्या. केस सुकता सुकता आणखी घट्ट वळले.

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

टोपवाल्यांनी आमच्याकडं असं बघितलं, की जणू आम्हीच पाणी मागितलं होतं.

"आता पिल्लं दाखवा."

"पिल्लं वाटली. सरळ निघाली सगळी."

"म्हणजे निघणारच की! कुरळेपण आईबापांकडून, दोघांकडूनही आलं तरच दिसतं. एकाकडून आलं तर पिल्लात दडून राहतं. त्या पिल्लांपैकी एखादी मादी याच बोक्याला दिली असती, तर पुढची साधारण निम्मी कुरळी झाली असती. नंतर बाहेरचं रक्त आणता आलं असतं. नव्या मांजरीपासून सुरुवात करायला आता याचं वय राहिलं नाही, बोलवा त्यातलीच एखादी मादी."

वहिनीच म्हणाल्या, "सगळ्यांची ऑपरेशनं केली त्यांनी. स्वतः नेऊन."

परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. "बत्तीस वर्षं हे काम करते आहे. लोक जात वाढवताना चुका करतात. पण स्वतःच्या जातीचा एवढा नीटनेटका निर्वंश करणारा माणूस पहिल्यांदा बघते." आणि चहा न घेता गेल्या.

टोपवाल्यांनी काड्यांचा डबा उघडला आणि परत बंद केला. वहिनींनी जाळीची ओळ पुरी केली. मग मान वर न करता म्हणाल्या, "दहांची झाली."

"काय दहांची?"

"ऑपरेशनं. अकरावीचे डोळे आले होते, डॉक्टर म्हणाले पंधरा दिवसांनी आणा. तुम्ही तेव्हा नाटकवाल्यांच्या दाढ्यांत बुडाला होतात. मी दिली ताईकडं. मांजर तिथं चौथ्या मजल्यावर असते, घराबाहेर पाऊल टाकत नाही."

वहिनींची ही थोरली बहीण म्हणजे टोपवाल्यांची हाडवैरीण. नऊ वर्षांपूर्वी टोपवाल्यांनी टोप पुरवलेलं नाटक ऐन रंगात असताना ती पहिल्या रांगेतून मोठ्यानं म्हणाली होती, "डोक्यावर भांड्यांची घासणी कशाला घातलीय गं त्यानं?" तेव्हापासून बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी टोपवाले टोपलीत बोका घेऊन चार मजले चढले. वहिनी मागं होत्या, हसू येऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरून.

ताईंनी दार अर्धंच उघडलं. "या. घासणी पण आणलीत वाटतं सोबत?"

"ताई, तुमची मांजर..."

"कळलंय मला. फोन आला होता. ही तीच ना, नुसतं मांजर? जिच्यात काही नाही?"

टोपवाल्यांनी खाली बघितलं. "माझी चूक झाली."

"मोठ्यानं बोला. पहिल्या रांगेत ऐकू येईल असं."

"चूक झाली!"

"बरं. पण मी नियम विचारून घेतलेत. पिल्लं ज्याची मादी त्याची. नोंद मी करणार, नाव मी ठेवणार. कबूल असेल तर आत या, नसेल तर जिना तिथं आहे."

टोपवाले उंबऱ्यावर उभे राहिले. चार फुटांची पाटी त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी. टोपलीतून बोक्यानं दोन दात नसलेलं तोंड बाहेर काढून जांभई दिली. त्याच्याकडं फार वर्षं उरली नव्हती, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. टोपवाल्यांनी चपला काढल्या.

दोन महिन्यांनी चार पिल्लं झाली. आठव्या दिवशी टोपवाले गेले, एकेकाचा केस उपटला, ओठांत धरला, खिडकीशी नेला. दोन कुरळी, दोन सरळ. ताईंनी टेबलावर मंडळाचा फॉर्म पसरला आणि जातीच्या नावापुढं लिहिलं : झिपरी.

"हे नाव कुणी सुचवलं?" टोपवाल्यांनी विचारलं.

वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या.

"चालेल ना?" ताई म्हणाल्या. "आणि ही दोन सरळ कुणाला देऊ? तुम्ही वाटण्यात पटाईत आहात."

टोपवाल्यांनी ती दोन सरळ पिल्लं उचलली, सदऱ्याच्या आत घातली आणि दोन्ही हातांनी वरून झाकली. ताईंनी हात पुढं केला तरी सोडली नाहीत.

"अहो, पिल्लं माझी आहेत!"

"असू देत," ते म्हणाले. "पण केस मला कळतात म्हणून सांगतो, यांना कुणी हात लावायचा नाही."

"केस यांना कळतात!" वहिनी म्हणाल्या आणि इतका वेळ धरून ठेवलेलं हसू त्यांनी एकदाचं सोडून दिलं.