नाकावरची माशी

घड्याळजींना आपल्या साडूबद्दल खरं म्हणजे फारसं काही माहीत नव्हतं. एकाच सासऱ्याचे दोघे जावई, बायका सख्ख्या बहिणी, बिऱ्हाडं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आणि येणंजाणं जन्मभराचं. तरी साडूच्या आईचं नाव काय होतं, तो कितवीपर्यंत शिकला, फोटोच्याच धंद्यात का पडला, असं कुणी विचारलं असतं तर घड्याळजी नुसते बघत राहिले असते. साडूसाडूंचं बहुधा असंच असतं. बहिणी स्वयंपाकघरात तासन्‌तास बोलतात आणि हे दोघे बाहेरच्या खोलीत पंख्याकडे बघत बसतात.

"साडू म्हणजे काय," फोटोवाले म्हणत, "एकाच दुकानातून माल घेतलेली दोन गिऱ्हाइकं. तक्रार कुठे करायची ते दोघांनाही माहीत नाही."

"ऐकतेय हं मी!" आतून ताईंचा आवाज येई.

ताई म्हणजे थोरली बहीण, फोटोवाल्यांची बायको. धाकटी घड्याळजींच्या घरात. घरात सगळे या दोघांना त्यांच्या धंद्यावरूनच ओळखत. समोरासमोर मात्र ते एकमेकांना साडूभाऊ म्हणत.

फोटोवाल्यांच्या घरात एक गंमत होती. भिंतीवर टांगलेली एकही चौकट सरळ नसे. सासूसासऱ्यांचा फोटो उजवीकडे कललेला, मुलीचा डावीकडे, आणि दारावरच्या लग्नाच्या फोटोत तर नवरानवरी उतारावर उभी असल्यासारखी. फोटोवाले स्टुलावर चढून खिळा ठोकत आणि खाली उभ्या राहून ताई सांगत, "डावीकडे घ्या... अहो, दुसरं डावीकडे!" शेवटी त्या कंटाळून आत जात. जो माणूस गावातल्या लोकांचे चेहरे सरळ धरून पोट भरतो, त्याच्या घरात एक चौकट सरळ नसावी, यावर पाहुणेरावळे पोट धरून हसत.

घड्याळजींना मात्र ते बघवत नसे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या काट्यांशी झटापट करणारा माणूस तो. वाकडं दिसलं की हात शिवशिवायचे, धूळ दिसली की जीव खालीवर व्हायचा. आल्या आल्या चपला काढायच्या आणि भिंतीभोवती एक फेरी मारून सगळ्या चौकटी बोटाने सरळ करायच्या, मगच टेकायचं, हा त्यांचा रिवाज.

"आले, भिंतीचे डॉक्टर आले," फोटोवाले म्हणत. आणि दोघेही हसत. चौकटी वाकड्या का होतात, हे घड्याळजींनी कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे, असंच त्यांना वाटलं नाही.

फोटोवाल्यांचा स्टुडिओ राहत्या घराच्या वर, लाकडी जिना चढून गेलं की लागे. एक करडा पडदा, दोन दिवे, एक फिरतं स्टूल, आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, कारण मोकळा ठेवला की गिऱ्हाइकांच्या खिशातून जायचा. मधोमध तिपाईवर कॅमेरा. तो जुन्या तऱ्हेचा, दोन डोळ्यांचा डबा होता. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघायचा. माथ्यावरचं झाकण उघडून मान खाली घातली की आत एका धुरकट काचेवर समोरचा माणूस दिसे. तीच त्याची बघायची काच. स्टुलावरच्या माणसाला फोटोवाल्यांचं फक्त टक्कल दिसायचं, आणि टकलाखालून आवाज यायचा, "हनुवटी खाली. अजून थोडी. हलू नका, नाकावर माशी बसतेय... बसतेय... बसली!" आणि खट्‌.

माणूस दचकून नाकाकडे बघायच्या आत फोटो निघालेला असे आणि चेहऱ्यावर नेमकं हसू फुटू लागलेलं असे. शाळेतली पोरं तर ती माशी ऐकायलाच रांगेत धक्काबुक्की करत.

"भले भले, ज्यांनी उभ्या जन्मात नाकावर माशी बसू दिली नाही ना," फोटोवाले सांगत, "त्यांच्याही नाकावर बसवलीय मी!"

घड्याळजींनीही ती माशी दोनतीनदा बसवून घेतली होती. लोकांना हसवायची युक्ती, एवढंच त्यांना वाटलं. सगळ्यांनाच तसं वाटे.

एकदा फोटोवाले डबा फडक्यात गुंडाळून घड्याळजींच्या दुकानात आले. "चावी फिरत नाही, फिल्म पुढे सरकत नाही. तुमच्या घड्याळात चाकं, माझ्या डब्यात चाकं. बघा काय होतंय."

चाकाचा एक दात झिजला होता. घड्याळजींनी तो दुरुस्त केला, तेल दिलं. काम खरं तिथेच संपलं होतं. पण डबा परत बंद करण्याआधी त्यांनी झाकण उचलून बघायच्या काचेतून सहज डोकावलं, आणि त्यांना राहवेना. काय ती धूळ! स्टुडिओतली पावडर, पडद्याचे धागे, आणि या सगळ्यात एक काळा ठिपका, तिळाहूनही बारीक, काचेला खालून घट्ट चिकटलेला. त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले, काच अलगद उचलली. रबरी फुग्याने फुंकर मारली, मऊ ब्रश फिरवला. बाकी सगळं गेलं, ठिपका हलेना. मग काडीला कापूस गुंडाळून, थेंबभर औषध लावून त्यांनी तो भिजवला, आणि तो सुटला. काच लख्ख झाली. हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे पैसेही घ्यायचे नव्हते. साडूला खूश करायचं, एवढंच मनात होतं.

फोटोवाल्यांनी दुकानातच झाकण उघडून रस्त्याकडे रोख धरला. मान खाली घातली, वर केली, चष्मा पुसला, पुन्हा खाली घातली.

"माशी कुठे गेली?"

"कसली माशी?"

"नाही... काही नाही. लख्ख झालंय अगदी."

"किती वर्षांची धूळ होती हो! फोटोत उतरत नाही म्हणून काय झालं, डोळ्याला तर दिसते."

"दिसते खरी," फोटोवाले म्हणाले. डबा त्यांनी पुन्हा फडक्यात बांधला. गाठ नीट बसेना म्हणून दोनदा बांधली.

पुढच्याच महिन्यात शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो निघाले. माशी कुठे शिंकली कुणास ठाऊक, पण अर्ध्या वर्गाचा एकेक कान गायब. कुणाचं कपाळ वर तुटलेलं, कुणी चौकटीच्या कडेला असं चिकटलेलं की आत्ता बाहेर पडेल. शाळेने सगळे परत पाठवले. फोटोवाल्यांनी पुन्हा काढले, तेही तसेच आले. शाळेने दुसरा माणूस बोलावला.

यातलं काही घड्याळजींना माहीत नव्हतं. म्हणून फोटोवाले पुन्हा दुकानात येऊन, गिऱ्हाइकं जायची वाट बघत बाकावर बसले, तेव्हा ते सहज आलेत असंच त्यांना वाटलं. एक गिऱ्हाईक काही हलेना. शेवटी फोटोवाले उठून काउंटरवर वाकले आणि हळू आवाजात म्हणाले,

"साडूभाऊ, ती धूळ परत बसवता येईल का?"

घड्याळजी मोठ्याने हसले. एरवी ते मोठ्याने हसत नसत. "ऐका हो!" ते त्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "लोक येतात धूळ काढायला, आमचे साडू आलेत धूळ घालायला!"

गिऱ्हाईक हसलं. "आमच्या घरी या, पाहिजे तेवढी घेऊन जा."

फोटोवालेही हसले. "म्हटलं विचारून बघावं," ते म्हणाले, आणि उन्हात निघून गेले.

त्यानंतर स्टुडिओ बंदच राहू लागला. कुणी विचारलं तर फोटोवाले म्हणत, आता डोळे थकले. घड्याळजींना कळलं ते जेवताना, बायकोच्या तोंडून.

"ताई रडत होती आज. म्हणाली, आता त्यांच्याकडून नाही व्हायचं. मधोमध कळत नाही ना त्यांना."

"मधोमध कळत नाही म्हणजे?"

"म्हणजे काय! लहानपणापासूनच. डावंउजवं, मधलं, सरळ, काही नीट कळत नाही. त्या काचेत कसला तरी ठिपका होता म्हणे, तो नाकावर धरायचे, की सगळं आपोआप जागेवर यायचं. आता ठिपकाच नाही." ती थांबली. "तुम्ही तर दर वेळी चौकटी सरळ करून येता. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"



दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. घड्याळाच्या तबकडीवर ठिपके देतात तो काळा रंग, सगळ्यात बारीक काडी, भिंग आणि मापाचा कंपास घेतला आणि ते जिना चढले. फोटोवाल्यांनी डबा पुढे केला. घड्याळजींनी काच काढली. ठिपका कुठे होता, हे त्यांनी तेव्हा बघितलंच नव्हतं, फक्त पुसला होता. साडूला विचारावं तर तो म्हणाला, "होता आपला तिथे." जागा सांगता आली असती तर ठिपका लागलाच कशाला असता? मग घड्याळजींनी त्यांना जे येत होतं ते केलं. कंपासने चारी बाजूंनी मोजलं आणि अगदी मधोमध, केसाचाही फरक न ठेवता ठिपका दिला. रंग वाळला. काच बसवली. आणि स्वतः जाऊन स्टुलावर बसले.

फोटोवाल्यांनी मान खाली घातली. बराच वेळ नुसतं टक्कल दिसत राहिलं.

"हनुवटी खाली," टकलाखालून आवाज आला. "माशी बसतेय... बसतेय..."

टक्कल जरा इकडे झालं, जरा तिकडे.

"बसली," ते म्हणाले. खट्‌ असा आवाज मात्र झाला नाही.

"फोटो?"

"फिल्म नाही आत. पण बसली हो. अगदी जागेवर बसली."

फिल्म होती. हे घड्याळजींना कळलं ते पुढे, फोटोवाले वारल्यावर. ताईंनी डबा त्यांच्याकडे आणून दिला तेव्हा आत अर्धी फिल्म कोरी होती, आणि शाळेच्या त्या फोटोंनंतर ती एकदाही पुढे सरकली नव्हती. "तुम्ही गेलात तेव्हाच म्हणाले होते," ताई म्हणाल्या, "ही माशी दुसरीच आहे. जुनी जरा वर बसायची, जरा एका अंगाला. पण त्यांना सांगू नकोस, म्हणाले, मन लावून केलंय त्यांनी."

घड्याळजींनी घरी काचेतून कितीदा तरी बघितलं. ठिपका मधोमध होता. त्याहून सरळ त्यांना काही करता आलं नसतं, आणि तेच त्यांच्या मनाला लागून राहिलं. मोजायच्या ऐवजी साडूला समोर बसवून, ठिपका इकडेतिकडे सरकवत, "इथे? की इथे?" असं विचारत अख्खा दिवस काढला असता तर? दिवस तर होते. पण दोघांना एकमेकांशी एवढं बोलायची सवयच नव्हती.

ठिपका दिला त्या संध्याकाळी मात्र ते खुशीत जिना उतरले. आपलं काम फत्ते झालं, असंच त्यांना वाटत होतं. खालच्या खोलीत चपला घालताना नजर वर गेली. दारावरचा लग्नाचा फोटो पुन्हा उतरणीला लागला होता. हात सवयीने उठला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी हात खाली घेतला आणि खिशात घातला.

मागे फोटोवाले जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते.

"वाकडा आहे का हो?"

"कोणता?"

"तोच, दारावरचा."

"नाही," घड्याळजी म्हणाले. "सरळच आहे."

"मग ठीक," फोटोवाले म्हणाले. "या आता. अंधार पडायच्या आत पोचा."