थिनरने पुसलेलं बोट

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी शेठने चारचौघांत माझं बोट धरलं आणि थिनरच्या बोळ्याने पुसलं. शाई गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

बडोद्याबाहेरच्या एका कारखान्यात पाइप जोडायचं कंत्राट शेठकडे होतं. मी त्यांचा सुपरवायझर. त्या सकाळी ते फाफडा-जिलबीचे खोके घेऊन साइटवर आले. बोटावरची शाई दाखवा, खोका घ्या. शेठच्या अलकापुरीतल्या ऑफिसातली माणसं बोटं वर करून फोटोला उभी राहिली. मीही राहिलो. पाइपवर नंबर टाकायच्या मार्करने मी संडासात बसून रेघ ओढली होती.

"अरे, आ तो मार्कर छे," शेठ म्हणाले. सगळे हसले. मग म्हणाले, मत न देणाऱ्यांची नावं मतदार यादीतून काढूनच टाकली पाहिजेत. "बराबर ने, साहेब?"

साहेब म्हणजे मी.

"बरोबर आहे, शेठ," मी म्हणालो.

आदल्या दिवशी गेटला कुलूप मीच लावलं होतं. शेठचाच हुकूम. काम अडलं तर तू घरी. मतदानाची भरपगारी सुट्टी असते, हे त्यांना माहीत होतं, मलाही. साइटवर झाडलोट करणारी विमलबेन गेटपाशी आली. आमच्या खानदेशाकडचीच, इथे सगळ्यांची बेन झालेली. तोंड धुतलेलं, मतदानाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत.

"भाऊ, फतेगंजला मत देऊन येते. आज जेवत नाही मी, तेवढ्या वेळात येते."

"कामाला लागा," मी म्हणालो. किल्ली माझ्या खिशात होती.

मी शेठला हो म्हणालो तेव्हा ती झाडू धरून तिथंच उभी होती. नंतर विचारलं, "भाऊ, माझं नाव खरंच कापतील?"

"नाही हो."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

मी पाइप मोजायला निघून गेलो.

उद्या खरंच असा कायदा आला तर? मतदानाची सुट्टी बघून माउंट अबूला फिरायला जाणारे डॉक्टरचा दाखला जोडतील. कापली जातील ती कुलपाआडची नावं. कुलूप लावायला सांगणाऱ्याचं नाव शाबूत. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असून मान हलवली, याचा संताप जात नाही.

पुढे महानगरपालिकेची निवडणूक आली. पुन्हा फोन. गेट बंद ठेव. मी म्हणालो, "शेठ, गेट उघडं आहे. माणसं मत देऊन येतील. मीपण चाललो." उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले. नाही गेलो. आता दुसरीकडे हेल्परचं काम करतो. या हाताने पुन्हा कुणाला कुलूप लावणार नाही.

पण त्या दिवशी गेटबाहेर पडलेल्यांत विमलबेन नव्हती. तिला दिवाळीआधीच कामावरून काढलं होतं. तेव्हाही मी गप्प होतो.

तिचं ते मत परत देता येत नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. 'हो' मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. मी भ्यालो म्हणून म्हणालो, हेही तिच्या वस्तीत, सगळ्यांसमोर तिला सांगायचं आहे. एवढं अजून राहिलंय.