ओव्हाळ सर पायउतार होतात

बिबवेवाडीतल्या ‘मैत्री’ सोसायटीत सोळा फ्लॅट होते आणि अध्यक्ष एकच: सुखदेव ओव्हाळ. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले ओव्हाळ सर अकरा वर्षं त्या खुर्चीत होते. त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं कुणाच्या मनात आलं, तरी सर जिन्यात भेटतील या विचारानेच ते परत जायचं.

२००३ साली त्यांच्या मुलीला, कल्याणीला, खराडीच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. ट्रेनिंगला अमेरिकेच्या माहितीची परीक्षा होती. तिच्या झेरॉक्स कागदांत ‘पहिले राष्ट्राध्यक्ष’ असा मथळा दिसला आणि सरांनी ते कागद ताब्यातच घेतले.

रोज दुपारी स्वयंपाकघरात वर्ग भरू लागला. सरांच्या पत्नी सुंदराबाई मेथी निवडत ऐकायच्या.

“वॉशिंग्टन दोन वेळा अध्यक्ष झाला. लोक आग्रह करत होते, तरी तिसऱ्यांदा नाही म्हणाला. सरळ शेतावर निघून गेला,” सर म्हणाले.

“आपणहून?” सुंदराबाईंनी विचारलं.

“आपणहून.”

“शहाणा माणूस,” त्या मेथीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जॉन अ‍ॅडम्स आला. त्याच्या काळात सरकारवर टीका छापणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा झाला, हे सांगताना सरांचा आवाज चढला. मग तो एकदम उतरला. दुसऱ्या मजल्यावरच्या श्रीनिवासने पाण्याबद्दल तक्रार करून सोसायटीच्या फलकावर लावलेला कागद त्यांनी गेल्याच महिन्यात फाडला होता. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे न बघता ते पुढे गेले. “१८०० साली अ‍ॅडम्स निवडणूक हरला. जेफरसन जिंकला. विरोधकाच्या हाती सत्ता गेली, पण एक गोळी सुटली नाही. फक्त शपथविधीच्या दिवशी अ‍ॅडम्स पहाटेच गाव सोडून गेला. एवढा मोठा माणूस, पण तिथे लहान झाला.”

“बाबा, आपल्या सोसायटीची निवडणूक कधी झाली होती?”

“बिनविरोध होते.”

“म्हणजे होतच नाही.”

परीक्षेत अध्यक्षांवर एकच प्रश्न आला: एक डॉलरच्या नोटेवर कुणाचं चित्र असतं? सर दोन दिवस त्या कंपनीवर चिडून होते.

पण कल्याणीचं बोलणं त्यांना टोचत राहिलं. वार्षिक सभेत त्यांनी स्वतःच गुप्त मतदान जाहीर केलं. आपण निवडून येणार याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. श्रीनिवास भीतभीत उभा राहिला आणि नऊ विरुद्ध सात मतांनी जिंकला.

फ्लॅट सुंदराबाईंच्या नावावर होता, तेव्हा घरचं मत त्यांचं. “तू चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहिलंस?” सरांनी घरी आल्याबरोबर विचारलं.

“गुप्त होतं ना? तुम्हीच म्हणालात.”

रविवारी दहाला कारभार सोपवायचा होता. आठ वाजताच सरांनी पिशवीत दोन शर्ट कोंबले. “वारज्याला ताईकडे जाऊन येतो. किल्ल्या तू देऊन टाक.”

कल्याणी दारात उभी राहिली. “अ‍ॅडम्सबद्दल काय म्हणाला होतात बाबा?”

 सर पिशवी खुंटीला अडकवून बराच वेळ पेपर धरून बसले. तो उलटा नव्हता, एवढंच. दहाला पाच कमी असताना खाली गेले.

किल्ल्या दिल्या, दफ्तर दिलं आणि पाण्याचा पंप कुठे अडतो ते पाऊण तास समजावलं. श्रीनिवास वहीत लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, “सर, उद्या पाणीपुरवठा खात्यात जायचंय. तिथे माझं कोण ऐकणार? आपण याल?”

“बघतो. वेळ मिळाला तर.”

सोमवारी दहाला निघायचं ठरलं होतं. सर सव्वानऊलाच इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी उभे होते आणि नव्या अध्यक्षांना वेळेची किंमत नाही, असं वॉचमनला सांगत होते.